आवाज वाढवण्याआधी

ती म्हणाली, मारण्याआधी तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.
कधी बातम्या, कधी कीर्तन, जे लागलं असेल ते.
शेजारी म्हणायचे, भक्तिभाव आहे हो घरात.
मी लिहून घेतलं. रकाना सहा : हिंसेचे स्वरूप.
रकान्यात कीर्तन मावेना,
समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

त्याला चौदा महिने झाले.
ती आता सातपूरला पॅकिंगला जाते.
दिवाळीत येऊन गेली, केस कापलेले, ओळखूच आली नाही.
तिचं बरं चाललंय.
माझ्या घरी मात्र हेमंत रिमोट उचलतो,
सामन्याची शेवटची षटकं असतात,
आणि माझे खांदे कानांपर्यंत जातात.

त्र्यंबक नाक्याजवळ आमचं केंद्र.
दोन खोल्या, एक पंखा,
आणि डब्यात जुन्या सुती साडीचे चौकोन,
मंदाताई गांगुर्डेंनी कापून ठेवलेले.
कागद रडताना फाटतो, म्हणायच्या. कापड टिकतं.
इथलं इथेच ठेवीन, असं मी सही करून दिलंय.
जीभ सही पाळते.
अंगाची सही कुणी घेतली नव्हती.

अंग सांगत सुटतं.
बूट घालून झोपणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीचं सांगतं
रात्री दोन वाजता, मी उठून दाराशी
सगळ्यांच्या चपला तोंडं बाहेर करून ठेवते तेव्हा.
मिठाची बरणी कुलपात ठेवणाऱ्या सासूचं सांगतं
भरल्या ताटावर,
आमटी अळणी झालीय का गं, एवढंच कुणी विचारतं तेव्हा.

मार्चमध्ये प्रशिक्षण झालं. पडद्यावर कमळ.
दीर्घ श्वास घ्या. छंद जोपासा. भरपूर पाणी प्या.
रेश्मा पठाणनं माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं,
'पाणी पिऊन आले. केसेस अजून सत्तावीसच.'
हसू दाबताना दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं,
लागतं त्यापेक्षा जरा जास्त.

मंदाताई निवृत्त झाल्यात.
बुधवारी मला गंगेवरच्या बाजारात नेतात.
मेथी घ्यायची, मग पायरीवर टेकायचं.
पलीकडे रामकुंडावर परगावची माणसं,
नुकतं मुंडण केलेली डोकी, हातात लाल फडकं बांधलेलं मडकं.
इथे अस्थी विरघळतात म्हणतात, काही घटकांत.
मी विचारलं, आणि ऐकलेलं?

मंदाताई जुडीचा दोरा सोडत होत्या.
म्हणाल्या, एकोणतीस वर्षं झाली.
रॉकेलचा वास आला की अजून रस्ता बदलते.
भद्रकालीत एक बोळ आहे, तिथून जातच नाही.
मग म्हणाल्या, हा म्हातारा पालक महाग लावतोय,
पुढे बघू.

मला वाटलं होतं, त्यांचं तरी विरघळलं असेल.
का कोण जाणे, बरं वाटलं.

आज पुन्हा शेवटचं षटक.
हेमंतचा अंगठा रिमोटवर.
मी मेथी निवडतेय. म्हटलं, आवाज नको वाढवूस.
का?
नाव सांगितलं नाही, गाव नाही, रकाना नाही.
म्हटलं, माझे खांदे बघ.
त्यानं बघितले. बराच वेळ. बहुधा एक चौकार गेला तेवढ्यात.
मग आवाज पुरताच बंद केला.

मुक्या मैदानात अकरा जण
तोंडं उघडून, हात वर करून धावत सुटले.
कोण बाद झालं कळलं नाही.
तो खाली येऊन बसला, परातीशी,
आणि मेथी निवडू लागला,
देठं पानांत टाकत, पानं देठांत.

एक खांदा उतरलाय.
दुसरा अजून वरच आहे.
मेथीच्या दोन जुड्या उरल्यात.